सोफीने शपथ का मोडली नाही? व्हिक्टोरियन कथांमधील स्त्रिया आणि लग्न

प्रश्न | नेरूळची_वाचक

नमस्कार. आमच्या नेरूळच्या सोसायटीत दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही दहा-बारा जण क्लब हाउसमध्ये जमतो आणि आधी ठरवलेल्या एक-दोन कथांवर बोलतो. या वेळी व्हिक्टोरियन, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीतील, इंग्रजी कथा आणि त्यांतील लग्न हा विषय माझ्या वाट्याला आला आहे, आणि मी टॉमस हार्डी यांची १८९१ साली प्रसिद्ध झालेली ‘द सन्स व्हेटो’ ही कथा निवडली आहे.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सोफी ही एका खेड्यातल्या पाद्र्याच्या घरी काम करणारी मुलगी आहे. पाद्र्याची पत्नी वारते. पुढे तो स्वतः आजारी असताना त्याच्यासाठी ट्रे नेताना सोफी जिन्यावर घसरते, तिचा पाय कायमचा अधू होतो आणि आता आपल्याला काम सोडावे लागणार हे ती त्याला सांगते, तेव्हा तो तिला लग्नाची मागणी घालतो. मोलकरणीशी लग्न केल्यावर त्या गावात पत राहणार नाही हे जाणून तो लंडनच्या दक्षिण भागात बदली करून घेतो. त्यांचा मुलगा रँडॉल्फ मोठ्या घरच्या मुलांच्या शाळेत वाढतो. यथावकाश नवरा जातो, आणि चाकांच्या खुर्चीत बसणाऱ्या या विधवेला आपल्या लांब केसांच्या वेण्या गुंफत बसण्याखेरीज दिवसभराचे काम उरत नाही.

अशात गावाकडचा माळी सॅम तिला पुन्हा भेटतो. लग्नाआधी त्याने तिला विचारले होते. आता तो रात्री भाजीच्या गाड्यांबरोबर लंडनच्या बाजारात येत असतो, आणि पुढे फळा-भाजीचे स्वतःचे दुकानही थाटतो. सोफीला त्याच्याशी लग्न करायचे आहे, परंतु ‘सभ्य गृहस्थ’ नसलेला सावत्र बाप आल्यास आपली मान खाली जाईल म्हणून मुलगा रडून आकांत करतो. वर्षामागून वर्षे विषय निघतो आणि मिटवला जातो. अखेर ऑक्सफर्डला शिकणारा हा मुलगा तिला आपल्या खोलीतील छोट्याशा वेदीपुढे गुडघे टेकायला लावून, माझ्या संमतीवाचून सॅमशी लग्न करणार नाही, अशी शपथ तिच्याकडून घेतो. ती शपथ पाळते आणि झुरून मरते.

माझी अडचण वेगळीच आहे. आमच्या सासूबाईही या गटात येतात. त्यांचे वय ७६ आहे आणि इंग्रजी वाचत नसल्या तरी मी दुपारी बसून त्यांना कथा मराठीतून सांगते. हा शेवट ऐकल्यावर त्या म्हणाल्या, “पोराने शपथ घातली तर घातली. मोडायची होती. कोणी कोर्टात खेचणार होते का तिला?” मला उत्तर सुचले नाही. ‘त्या काळी तसेच होते’ असे मी म्हणाले खरी, पण ते उत्तर नव्हे, ती पळवाट आहे, हे माझे मलाच जाणवले.

म्हणून येथील जाणकारांना विचारते. सोफीचे गप्प राहणे हा तिच्या स्वभावाचा दोष मानायचा, कायद्याची आणि पैशाची सक्ती मानायची, की आणखी काही? आणि या कथेबरोबर अजून कोणत्या कथा ठेवल्या तर चर्चेला धार येईल?


उत्तर १ | नौपाड्याचे_काका

ताई, प्रश्न सासूबाईंनी विचारला आहे तेव्हा उत्तरही त्यांना पटेल असेच हवे. मी बँकेत एकतीस वर्षे काढली, त्यामुळे पैशाच्या बाजूने सुरुवात करतो.

सासूबाईंचे म्हणणे कायद्याच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. मुलाच्या खोलीतील वेदीपुढे घेतलेल्या शपथेला कायद्यात कवडीची किंमत नव्हती आणि विधवेला वाटेल त्याच्याशी पुन्हा लग्न करण्याची मुभा होती. व्हिक्टोरियन स्त्री म्हटले की आपण सरसकट ‘तिला काहीच हक्क नव्हते’ असे म्हणून मोकळे होतो, पण जुन्या इंग्रजी कायद्याचा सगळा जाच होता तो नवरा हयात असलेल्या स्त्रीला. लग्न लागले की तिचे कायदेशीर अस्तित्व नवऱ्याच्या अस्तित्वात विरघळून जात असे. तिची कमाई, तिची रोकड, तिचे दागिने हे सारे त्याचे होई. १८७० च्या कायद्याने तिची स्वतःची कमाई तिच्या हातात दिली आणि १८८२ च्या कायद्याने, जो १ जानेवारी १८८३ पासून लागू झाला, तिची मालमत्ता तिच्या नावे वेगळी मानली. अविवाहित आणि विधवा स्त्रिया या जाचाच्या बाहेरच होत्या. म्हणजे सोफी कायद्याने मोकळी होती.

तिला बांधले ते नवऱ्याच्या काळजीने. हार्डींनी हा तपशील दोन-चार वाक्यांत उरकला आहे आणि वाचताना तो निसटतो. बायकोला व्यवहार कळत नाही, तिला कोणी फसवेल, या भीतीने पाद्र्याने शक्य ते सर्व विश्वस्तांच्या हाती सोपवले. मुलाची शाळा, मग ऑक्सफर्ड, मग त्याची पाद्री म्हणून दीक्षा, हे सगळे त्याने आधीच आखून ठेवले होते. बायकोला राहायला घर आणि बेताचे उत्पन्न मिळाले, पण ठरवण्यासारखे काही तिच्याकडे शिल्लकच ठेवले नाही. अशा घरात कर्तेपणाची खुर्ची फार दिवस रिकामी राहत नाही, आणि रँडॉल्फ त्या खुर्चीत जाऊन बसला.

हे मी काउंटरच्या अलीकडून पुष्कळदा पाहिले आहे. वडील गेल्यावर मुलगा आईला घेऊन येतो, तिच्या खांद्यामागे उभा राहतो आणि फॉर्मवर बोट ठेवून म्हणतो, “इथे.” मुलगा वाईट असतो असे अजिबात नाही, बहुतेक वेळा फार सालस असतो. एकदा एका बाईंनी सही करण्याआधी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला, आणि मग फॉर्मवरचा मजकूर वाचण्याऐवजी मुलाच्या तोंडाकडे पाहून सही केली.

जोडीला कथा हवी असेल तर कॉनन डॉयल यांची ‘अ केस ऑफ आयडेंटिटी’ घ्या. शेरलॉक होम्सच्या कथेत लग्नाचा काय संबंध असे वाटेल, पण ही कथा मुळात लग्न अडवण्याचीच आहे, आणि तीही १८९१ चीच. मेरी सदरलँड ही टंकलेखन करणारी मुलगी. पानाला दोन पेन्स मिळतात आणि दिवसाला पंधरा-वीस पाने होतात. काकाने तिच्यासाठी न्यूझीलंडच्या रोख्यांत २,५०० पौंड ठेवलेले आहेत, त्यावर साडेचार टक्के व्याज येते. मुद्दलाला तिला हात लावता येत नाही. हिशेब केला तर वर्षाला ११२ पौंड १० शिलिंग होतात, आणि एकट्या स्त्रीचे साठेक पौंडांत व्यवस्थित भागते असे होम्स स्वतः म्हणतो. घरी राहते तोवर हे व्याज ती आई आणि सावत्र बापाला देते. लग्न झाले की ते बंद होणार. म्हणून तो सावत्र बाप वेष आणि आवाज बदलून, आईच्या संगनमताने, स्वतःच तिचा प्रियकर बनतो, बायबलवर हात ठेवून ‘काहीही झाले तरी तुझीच राहीन’ अशी शपथ तिच्याकडून घेतो आणि लग्नाच्या सकाळी नाहीसा होतो.

पाहा, दोन्ही कथा एकाच वर्षातल्या, दोन्हींत कायदा स्त्रीच्या आड येत नाही, आणि दोन्हींत घरातलाच माणूस शपथ घालून काम भागवतो. कायद्याचे कुलूप ढिले झाले तेव्हा घरच्यांनी कडी आतून लावून घेतली, असे मला वाटते. आणि होम्सचा शेवटचा निर्णय? खरा प्रकार उलगडल्यावरही तो मेरीला काहीच सांगत नाही. सांगितले तरी तिला पटणार नाही, असे तो स्वतःशीच ठरवतो. म्हणजे तिच्या भल्याचे काय ते तिला न विचारता ठरवणारा आणखी एक जण.


उत्तर २ | खाडीकाठची

काकांचे पटले, पण सोफी पैशाने बांधली गेली असे मला वाटत नाही. सॅमचे दुकान चांगले चालत होते. ती तेथे सुखाने राहिली असती. मला या कथेची किल्ली अगदी पहिल्या प्रसंगात दिसते.

बागेतला संगीताचा कार्यक्रम संपला आहे, नवरा घरी आजारी आहे आणि खुर्चीतली सोफी त्याच्याविषयी बोलताना व्याकरणाची चूक करते. ‘हॅज’च्या जागी ‘हॅव’ म्हणते. बारा-तेरा वर्षांचा मुलगा तिला तेथल्या तेथे, ‘अजून कसे कळत नाही’ अशा सुरात दुरुस्त करतो. ती राग न धरता घाईघाईने शब्द बदलते. आता हार्डींची नजर बघा. त्या मुलाच्या ओठांना केकचे कण लागलेले आहेत, कारण खिशात दडवलेला केक बाहेर न काढताच खाण्याची त्याची खटपट चाललेली होती. आईला ते दिसते. ‘आधी तोंड पूस’ असे ती म्हणू शकली असती, पण म्हणत नाही. ही बाई शपथ मोडणार नाही हे मला त्या न पुसलेल्या तोंडावरूनच कळले. जिला आपल्या तोंडचा शब्द बरोबर आहे की चूक याचीच खात्री उरलेली नाही, ती ‘माझे म्हणणे बरोबर आहे’ असे कोणत्या बळावर म्हणणार?

हे मी पुस्तकी बोलत नाही. मी आगरी घरातली, खाडीकाठच्या गावातली, आणि आज शाळेत मराठी शिकवते. आठवीत असताना शाळेच्या पालकसभेत आई बाईंना म्हणाली, “पोरीला शालेन् काय तरास नाय ना?” मी सगळ्यांसमोर तिला म्हटले, “शालेन् नाही ग, शाळेत.” आई हसली. घरी येईपर्यंत काही बोलली नाही. पुढे प्रत्येक पालकसभेला ती आली, बाकावर बसली, आणि बाईंनी काही विचारले की माझ्याकडे बोट दाखवून “ही सांगेल” असे म्हणू लागली. शपथ वगैरे काही घालावी लागली नाही मला. रँडॉल्फची मला चीड येते ती या कारणाने, कारण तो मला अगदी आतून कळतो.

अजून एक जागा. सोफीला रात्री झोप येत नाही, म्हणून ती एकच्या सुमारास उठून खिडकीशी बसते आणि गावाकडून कॉव्हेंट गार्डनला जाणाऱ्या गाड्या पाहते: कोबीचे ढीग, वाटाणा-शेंगांच्या टोपल्या, पांढऱ्याशुभ्र सलगमांचे मनोरे, आणि पेंगत चालणारी म्हातारी घोडी. माझी आई वाशीच्या घाऊक बाजारातून भाजी आणून विकत असे. रात्री दोन-तीनला तुर्भ्याच्या बाजूने ट्रकची रांग लागते, आणि ज्याचा जन्म भाजीत गेला आहे त्याला त्या ओल्या गोणपाटाच्या वासावरून आत कोथिंबीर आहे की मेथी हे कळते. सोफीला सॅमवर प्रेम होते की नाही यावर तुमच्या गटात वाद होईलच. माझे मत असे आहे की तिला त्या गाडीवर बसायचे होते. एकदा ती खरोखरच पहाटे सॅमच्या गाडीवर, भाजीच्या मधोमध बसून जाते, आणि सगळ्या कथेत तिची तब्येत तेवढीच काय ती सुधारते. ज्या बोलीत तिला कोणी दुरुस्त करणार नाही, त्या बोलीकडे ती निघाली होती.


उत्तर ३ | पहिल्यांदाच_लिहितोय

मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘द यलो वॉलपेपर’ आणि ‘द स्टोरी ऑफ ॲन अवर’ या दोन कथा या विषयावर सर्वांत प्रसिद्ध आहेत. त्या घ्याव्यात असे सुचवतो.


उत्तर ४ | घोडबंदर_लेखी

उत्तर ३ साठी एक दुरुस्ती. (वर दुरुस्तीविषयी इतके वाचल्यावर भीतभीतच करते आहे.) या दोन्ही कथा त्याच दशकातल्या आहेत, पहिली १८९२ ची आणि दुसरी १८९४ ची, परंतु शार्लट पर्किन्स गिलमन आणि केट शोपॅन या दोघीही अमेरिकन. व्हिक्टोरिया राणीची कारकीर्द १८३७ ते १९०१ एवढी होती हे खरे, पण तिच्या काळात जगात कोठेही लिहिलेले सारे व्हिक्टोरियन ठरत नाही. त्या जरूर वाचा, फक्त विषयाचे नाव तसे देऊ नका.

आता मूळ प्रश्न. मी महाविद्यालयात या कथा काही वर्षे शिकवल्या आहेत आणि वरच्या दोन्ही उत्तरांना माझी थोडी हरकत आहे. तुम्ही दोघेही हार्डींना फार विश्वासाने वाचता. सोफी वयाने नव्हे तरी स्वभावाने मूलच होती असे कोण सांगते? पाद्री नव्हे, रँडॉल्फ नव्हे. खुद्द निवेदक सांगतो. तिची कीव करणारा हा आवाजसुद्धा तिला फारसे बोलू देत नाही. ‘मी सॅमला होकार का देऊ नये?’ हे वाक्य ती शेवटी पुटपुटते, तेही एकटी असताना. म्हणून हार्डींच्या शेजारी बायकांनी लिहिलेल्या कथा ठेवल्याखेरीज या चर्चेचा तोल साधणार नाही.

एलिझाबेथ गॅस्केल यांची ‘लिझी ली’ घ्या. डिकन्स यांच्या ‘हाउसहोल्ड वर्ड्‌स’ या दोन पेन्सच्या साप्ताहिकाच्या ३० मार्च १८५० च्या पहिल्याच अंकापासून ती छापली गेली. लग्नावाचून दिवस गेलेल्या मुलीचे नाव घरात काढायचे नाही, असे बापाने बजावलेले असते. मरताना तो तिला क्षमा करतो, आणि आई शेत खंडाने देऊन मँचेस्टरच्या रस्त्यांवर मुलीला शोधत फिरते. मुलगी वाट चुकलेली, आई पतिव्रता, असा ठरीव साचा तेथे वाटतो. पण गॅस्केल आरंभीच सांगून टाकतात की ही पतिव्रता तीन वर्षे मनातून नवऱ्याविरुद्ध पेटलेली होती. बाहेरून आज्ञापालन आणि आतून बंड. सोफीच्या बाबतीत ‘आतून’ काय चालले होते ते आपल्याला जवळजवळ कळतच नाही.

त्यांचीच ‘हाफ अ लाइफटाइम अगो’ ही १८५५ ची कथा तर सासूबाईंच्या प्रश्नाचे थेट उलटे रूप आहे. सुसान डिक्सन ही वेस्टमोरलँडच्या डोंगरातली शेतकऱ्याची मुलगी. मरणाऱ्या आईला तिने दुबळ्या बुद्धीच्या धाकट्या भावाला सांभाळण्याचे वचन दिलेले आहे. ठरलेला नवरा म्हणतो, भावाला वेड्यांच्या इस्पितळात ठेव, नाहीतर लग्न नाही. ती लग्न मोडते. येथेही वचन आहे, येथेही एका शब्दापायी सगळे तारुण्य जाते. पण सुसानला दोन्ही बाजू दिसत असतात आणि तिच्यापुरता निवाडा ती स्वतः करते. शेत स्वतः कसते, बाजारात कडक भाव करते, लोक तिला कंजूष म्हणतात. वचन पाळणारी प्रत्येक बाई दुबळी नसते, हे या कथेने दिसेल.

मार्गारेट ओलिफंट यांची ‘अ स्टोरी ऑफ अ वेडिंग टूर’ मला स्वतःला सर्वांत आवडते. नवपरिणीत जोडपे फ्रान्समधून आगगाडीने निघालेले असते, प्रवासात दोघांची चुकामूक होते, आणि तिला एकाएकी कळते की आपल्याला आनंद झाला आहे. ती परत जात नाही. समुद्राकाठच्या एका लहान गावात राहते, मुलाला वाढवते. आपल्याकडे ठाण्याच्या फलाटावर गर्दीत हात सुटतो तेव्हा बायका भेदरतात; ओलिफंटबाईंची जेनी सुटकेचा श्वास टाकते. पण पुढे काही वर्षांनी त्याच रेल्वेच्या गाडीतून नवऱ्याला ती दिसते आणि त्या धक्क्याने तो मरतो, तेव्हा अपराधाचे ओझे लेखिका तिच्याच डोक्यावर ठेवते. ओलिफंट पुरोगामी नव्हत्या. विवाहसंस्थेला प्रश्न विचारणाऱ्या ‘नव्या स्त्रियां’विषयी त्यांनी बरेच कडवट लिहिले आहे. म्हणूनच ही कथा त्यांच्या हातून निसटल्यासारखी वाटते.

आणि जॉर्ज एजर्टन. नाव पुरुषी असले तरी ही बाई, मेरी चावेलिटा डन. १८९४ च्या ‘डिस्कॉर्ड्‌स’मधल्या ‘व्हर्जिन सॉइल’ या कथेत सतराव्या वर्षी लग्न झालेली मुलगी पाच वर्षांनी माहेरी येते आणि आईला विचारते: लग्न म्हणजे काय हे काहीही न सांगता तू मला त्या घरात का पाठवलेस? नवऱ्यावरचा राग दुय्यम आहे. सगळा रोख आईवर आहे, कारण होकार तिने मिळवला होता. तुमच्या गटात मायलेकी एकत्र बसत असतील तर ही कथा ठेवताना जरा विचार करा. किंवा अवश्य ठेवा.

एक तांत्रिक गोष्ट सांगते, कारण ती सहसा कोणी लक्षात घेत नाही. या बहुतेक कथा घरात मोठ्याने वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकांसाठी लिहिल्या गेल्या, आणि संपादकाला भीती असे ती वाचणाऱ्या बापाची. हार्डींच्या ‘ऑन द वेस्टर्न सर्किट’ या कथेत निरक्षर मोलकरीण ॲनाच्या वतीने तिची मालकीण प्रेमपत्रे लिहिते आणि तरुण वकील त्या पत्रांच्या, म्हणजे मालकिणीच्या, प्रेमात पडतो. पुस्तकात ॲना गरोदर आहे आणि मालकीण विवाहित आहे. मासिकात मात्र गरोदरपण गाळले गेले आणि मालकिणीला विधवा करून टाकले गेले. समाजाची अपेक्षा कथेतल्या बाईपुरती नव्हती, कथेच्या मजकुरावरही ती कात्री घेऊन बसलेली होती. १८८८ मध्ये लेखिका मोना केअर्ड यांनी विवाहसंस्थेवर लेख लिहिला आणि ‘डेली टेलिग्राफ’ या वृत्तपत्राने ‘लग्न अपयशी ठरले आहे काय?’ असा प्रश्न छापला, तेव्हा सुमारे २७,००० पत्रे आली. लोकांना बोलायचे होतेच. कथेला मात्र ते आडून बोलावे लागे.

तेव्हा सोफीचा स्वभाव की कायदा, हे दोन पर्यायच मला अपुरे वाटतात. तिने आयुष्यात दोन मोठे होकार दिले. पहिला पाद्र्याला: त्याच्यावर तिचे नेमके प्रेम नव्हते, पण एवढ्या थोर माणसाला नाही म्हणण्याची छाती तिला झाली नाही, असे कथेतच आहे. दुसरा मुलाला, वेदीपुढे. नकार देण्याची सवय ज्या हाताला कधी लागलीच नाही, त्याच्याकडून शपथ मोडण्याची अपेक्षा आपण करतो आहोत.


उत्तर ५ | नौपाड्याचे_काका

घोडबंदरच्या ताईंची हरकत मान्य. होकाराचा मुद्दा निघाला म्हणून मुंबईची एक आठवण जोडतो, विषयांतर वाटले तर सोडून द्या. रखमाबाईंनी आपल्याकडे नांदायला यावे म्हणून नवऱ्याने लावलेल्या खटल्यात त्यांचे म्हणणे नेमके हेच होते की अकराव्या वर्षी लावलेल्या लग्नाला माझी संमती नव्हती. १८८७ साली उच्च न्यायालयाने नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. गंमत अशी की नवऱ्याने बायकोवर असा दावा लावण्याची रीत मुळात इंग्रजांची, आणि तो हुकूम न पाळणाऱ्या बायकोला तुरुंगात टाकणे इंग्लंडने १८८४ मध्येच बंद केले होते. म्हणजे तिकडे टाकून दिलेली बेडी इकडे अजून वापरात होती. पुढे १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन हे प्रकरण मिटले आणि रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या.

आमचे ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चे, आणि एजर्टनबाईंचे पहिले पुस्तक ‘कीनोट्स’ही १८९३ चेच. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण ग्रंथालयाच्या पायऱ्या चढताना आता मला ते आठवेल.


उत्तर ६ | नेरूळची_वाचक (प्रश्नकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारची बैठक काल झाली.

मी शपथेचे वाक्य पुन्हा मुळातून वाचले आणि माझीच एक चूक सापडली. सासूबाईंना सांगताना मी ‘सॅमशी लग्न करणार नाही अशी शपथ’ असे सांगून टाकले होते. मूळ शब्द आहेत ‘त्याच्या संमतीवाचून’. प्रश्न लिहिताना मी ते बरोबर लिहिले आणि तरी त्याचे महत्त्व माझ्या ध्यानात आले नव्हते. सोफी शपथ घेते ती, मुलगा एकदा पाद्री झाला आणि कामात रमला की विरघळेल, या आशेवर. म्हणजे ती शपथेने बांधली गेली त्याहून जास्त त्या एका फटीने बांधली गेली. लग्नाची वाट कायमची बंद असती तर कदाचित तिने दार फोडलेही असते. किलकिले ठेवल्यामुळे ती त्याच्यासमोर बसून राहिली. हे सांगितल्यावर सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, “असे होते. ‘बघू’ म्हणतात ना घरात, तसे.” गटातल्या तीन-चार बायका एकदम हसल्या.

खाडीकाठच्या ताईंचा केकचा मुद्दा सांगितला तेव्हा त्यावरच अर्धा तास गेला, आणि एका गृहस्थांनी आपल्या आईची ‘आनि-पानी’ची गोष्ट सांगितली, जी ते आजवर कोणाला बोलले नव्हते. ‘व्हर्जिन सॉइल’ पुढच्या महिन्यासाठी ठेवली आहे. माझी मुलगी यायचे म्हणते आहे, तेव्हा घोडबंदरच्या ताईंचा इशारा ध्यानात आहे.

शेवटच्या प्रसंगात सॅम दुकानाच्या दारात काळ्या कपड्यांत उभा असतो, सोफीची प्रेतयात्रा समोरून जाते, तो टोपी काढून हातात घेतो, आणि गाडीत बसलेला तरुण पाद्री त्याच्याकडे काळ्या ढगासारखा पाहतो. दुकानाची खिडकी अर्धवट बंद केलेली आहे, एवढे हार्डी सांगतात आणि पुढे जातात. मी हा तपशील वाचून तसाच सोडला असता. सासूबाईंनी थांबवले. त्यांच्या माहेरी पेणला किराणा मालाचे दुकान होते.

“अर्धेच लावले होते?” त्यांनी विचारले.

मी हो म्हणाले.

“पुरते कसे लावणार? पुरते लावायला घरचे मयत लागते.”